दोनच कीपर

श्रीकांत दिघे या माणसाने माझ्या मुलीला फसवलं. त्यात त्याने एक पैसा घेतला नाही, कुठे सही केली नाही, आणि सरळ खोटं म्हणता येईल असं एक वाक्यही तो बोलला नाही. म्हणूनच तो अजून मुलुंडमध्ये ताठ मानेने फिरतो, लोक त्याला सर म्हणतात आणि आपल्या खर्चाने चहा पाजतात.

सर कशाचा, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. शिक्षक तो कधीच नव्हता. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचं काम करून निवृत्त झाला. म्हणजे आयुष्यभर लोकांना ‘तुमचं बसत नाही’ असं सांगायचा पगार घेतला, आणि पगार थांबल्यावर तेच काम फुकट करायला लागला.

त्याची कीर्ती एकाच गोष्टीसाठी. भारताच्या आइस हॉकीच्या संघात यंदा कोणाची निवड होणार, हे तो आधी सांगतो. भारताला असा संघ आहे हेच आमच्याकडे अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. बर्फ म्हणजे मासळीवर टाकायचा, नाहीतर उसाच्या रसात. पण माझी पूर्वा आठवीत असताना आमच्या मागच्या सिमेंटच्या मैदानावर चाकांच्या स्केटवर हॉकी खेळायला लागली, तेव्हा कळलं की ही मुलं वर्षभर चाकांवर सराव करतात, रविवारी पश्चिमेकडच्या एका मॉलमध्ये लग्नाच्या हॉलएवढ्या बर्फावर पाय चालवून घेतात, आणि जानेवारीत लेहला गोठलेल्या तळ्यावर जाऊन बर्फातच वाढलेल्या मुलांशी टक्कर घेतात. संघात बहुतेक तिकडचीच मुलं-मुली असतात. मुंबईतून एखाददुसरं कोणी शिरलं तर शिरलं. त्या एखाददुसऱ्यावर दिघेचं दुकान चालतं.

मी सावंत. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान विकत घेतो आणि उघडणाऱ्या हॉटेलांना विकतो. साकीनाक्याला गोडाऊन आहे. समोरचा माणूस रडत असला तरी मी आधी डीप फ्रीझरचं झाकण उघडून रबर बघतो, मग भाव बोलतो. माल न बघता भाव सांगणारा माणूस मला लांबून ओळखता येतो. दिघे तसा आहे.

दिसायला बारीक, रोज गुळगुळीत दाढी, आणि भर मे महिन्यात अंगात बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर. कोणी विचारलं तर म्हणायचा, “बर्फाची सवय झालीय ना.” बर्फावर त्याने कधी पाय ठेवला नाही. मॉलमध्ये रविवारी तो यायचा, पण आत कधी नाही. बाहेर खाण्याच्या टेबलांवर, रिंकच्या काचेला अगदी लागून बसायचा. आत मुलं धडपडतायत, एकमेकांवर आदळतायत, आणि याची पाठ काचेकडे, तोंड आमच्याकडे. मी एकदा म्हटलं, “दिघे, खेळ तिकडे चाललाय.” तर मान न वळवता म्हणाला, “खेळ सगळ्यांना दिसतो, सावंत. मी जे बघतो ते इथे बसलेलं असतं.”

इथे काय बसलेलं असतं? आई-बाप. कोणाच्या बापाची बदली होणार, कोणाची बारावी आहे, कोणाच्या पासपोर्टची मुदत संपत आलीय, कोणती आई मुलीला एकटी लेहला पाठवायला घाबरते. हे सगळं तो चहाच्या एकेका घोटाबरोबर काढून घ्यायचा. दावे तपासायची सवय. त्यालाच तो ‘माझं गणित’ म्हणायचा.

“संघ निवडत नाहीत हो,” हे त्याचं आवडतं वाक्य. “संघ बसतो. कोण बसतं, कोण बसत नाही, एवढंच असतं.”

डिसेंबर लागला की आमच्या मैदानावर त्याचा सीझन सुरू व्हायचा. स्थानिक संघटनेचे पदाधिकारी त्याच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवायचे. मुलांचे प्रशिक्षक उभे, आई-बाप उभे, हा खुर्चीत. मग एकेक जण पुढे जाऊन विचारणार. हा डोळे मिटणार, तळहात वर करून समोरच्याला गप्प करणार, थोडा वेळ तसाच बसणार आणि डोळे उघडून म्हणणार, “बसतोय.” किंवा, “यंदा नाही.” कारण विचारलं तर सांगायचा, पण कारण नेहमी दुसऱ्या गावचं असायचं. डेहराडूनला एक पोरगा तयार होतोय. लष्कराच्या संघातून दोघं येतायत. विमानाच्या तिकिटांना पैसे कमी मंजूर झालेत. तपासायला जाणार कोण?

एका वर्षी बोरिवलीच्या परबांचा मोठा मुलगा संघात गेला. तो त्याआधी दोन वेळा देशाकडून खेळलेला होता, कप्तानाच्या खालोखाल त्याचं नाव होतं. मैदानावर चहा देणाऱ्यानेही सांगितलं असतं की हा जाणार. दिघेने डिसेंबरात डोळे मिटून सांगितलं, “बसतोय,” आणि निवड झाल्यावर परबांच्या घरून पेढ्यांचा पहिला बॉक्स कोणाकडे गेला? दिघेकडे. मुलगा स्वतः घेऊन गेला, वाकून पाया पडला. दिघे म्हणाला, “मी कुठे काय केलं रे,” आणि दोन पेढे उचलले. एक तोंडात, एक रुमालात.

आणि एकदा चुकला तेव्हाची गोष्ट ऐका. त्याने छातीठोकपणे सांगितलेला पुरुष संघाचा एक बचावपटू शिबिरात पडला, घोटा मोडला, आणि त्याच्या जागी दुसराच गेला. मला वाटलं, आता याचं तोंड बंद होईल. मैदानावर मी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, “काय दिघे, गणित चुकलं?”

“नाही,” तो शांतपणे म्हणाला. “मी संघ सांगितला होता. घोटा सांगितला नव्हता.”

लोक हसले आणि माझ्याकडेच बघायला लागले, जणू मूर्खासारखा प्रश्न मी विचारला. असा हा माणूस.

हाच माणूस एकदा त्यांच्या सोसायटीचा जुना वॉटर कूलर विकायला माझ्याकडे आला होता. मी माझ्या सवयीने आधी पाडून भाव सांगितला. वर चढायची तयारी ठेवूनच. त्याने डोळे मिटले नाहीत, गणित केलं नाही, “चालेल” म्हणाला आणि वर आभार मानले. मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हटलं, “सुनंदा, अख्खं मुलुंड ज्याच्या तोंडाकडे बघतं, त्याला डोळ्यासमोरच्या कूलरचा भाव कळत नाही.”

ती म्हणाली, “तुम्ही कमी दिलेत ना? मग गप्प बसा.”

आता पूर्वाचं सांगतो.

पूर्वा गोलकीपर. गोलात उभं राहायला सहसा कोणी तयार नसतं, कारण उभं राहायचं आणि मार खायचा. तिने पहिल्या दिवसापासून तेच मागितलं. तिचे पॅड मी चेंबूरच्या एका माणसाकडून वापरलेले आणले. त्याच्याशी तीन फेऱ्या घासाघीस केली, आणि शेवटी तो म्हणाला, “साहेब, घेऊन जा, पण परत येऊ नका.” त्या पॅडवर तिने महाराष्ट्राकडून दोनदा लेहला खेळून दाखवलं. दुसऱ्या वर्षी तिथल्या प्रशिक्षकांनी तिला मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिराला बोलावलं. परदेशातल्या एका स्पर्धेला संघ जाणार होता. कीपर म्हणून लेहच्या दोघी पक्क्या होत्या. तिसरीची जागा मोकळी होती आणि त्या जागेसाठी बोलावणं एकटीला नव्हतं, पण तिलाही होतं. मी विमानाचं तिकीट काढलं. सुनंदाने लोकरीचे मोजे आणले.

मग दिघे खुर्चीत बसला आणि डोळे मिटून म्हणाला, “मुलींमध्ये यंदा दोनच कीपर. तिसरी बसत नाही.”

मी तिथेच होतो. म्हटलं, “बोलावलंय तिला. लेखी.”

“बोलावतात हो. सरावाला फटके अडवायला कोणीतरी लागतंच.”

पूर्वा समोर उभी होती, हेल्मेट काखेत. तिने विचारलं, “सर, मग जाऊ की नको?”

मला वाटलं होतं, हा म्हणेल, तुझं तू बघ. पण त्याने तिला जवळ बोलावलं आणि प्रेमाने, अगदी काकाने सांगावं तसं सांगितलं, “जा की. पण एक लक्षात ठेव बाळ. शिबिरात जाऊन नाकारलेली मुलगी पुढच्या वर्षी कोचला आठवते, नाकारलेली म्हणून. जी गेलीच नाही, ती कोरी असते. पुढच्या वर्षी तिसरी कीपर नक्की नेणार आहेत. तेव्हा तू कोरी जा.”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं आहे. इतकं गोड आणि इतकं विषारी वाक्य मी दलालांच्या तोंडूनही ऐकलेलं नाही, आणि दलाल मी पुष्कळ पाहिलेत.

घरी आल्यावर तिने पॅड बाल्कनीत वाळत टाकले आणि म्हणाली, “पप्पा, तिकीट कॅन्सल कर.”

“का?”

“दोनच कीपर नेणारेत.”

“दिघे सिलेक्टर आहे?”

“नाहीये. पण कधी चुकलेत का ते?”

“अगं, समोरच्याने पहिला भाव सांगितला म्हणून आपण उठून जातो का? आपण बसतो. पाणी मागतो. दुसरा भाव काढतो.”

“पप्पा, हा फ्रीझर नाहीये.”

“ते बोलावतायत तुला.”

“मार खायला. आणि मग नाकारलेली म्हणून परत यायला. सर बरोबर बोलतायत ना, पुढच्या वर्षी कोरी जाते.”

मी ओरडलो. ओरडून माझी बरीच कामं झाली आहेत, हे झालं नाही. सुनंदाने दोन दिवस समजावलं, मग तीही म्हणायला लागली की पोरीच्या मनाविरुद्ध एवढ्या थंडीत कशाला ढकलायचं. ज्या मुलीने एवढी वर्षं छातीवर फटके घेतले, तिला एका स्वेटरवाल्याच्या शब्दाने घरी बसवलं. तिकीट रद्द झालं.

महिन्याभराने संघ जाहीर झाला. कीपर दोनच. मैदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी लिहिलं, ‘सर, दंडवत’, कोणी हात जोडल्याची चित्रं टाकली. दिघे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर आला, मला लांबून बघितलं आणि हसून दोन बोटं वर केली.

पूर्वानेही त्याला नमस्कार केला. म्हणाली, “सर, बरं झालं तुम्ही सांगितलंत.” हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

उन्हाळ्यात मॉलच्या रिंकवर मुलांचा वर्ग घ्यायला लेहहून स्टॅन्झिन सर आले. मुलींच्या शिबिराला तेच होते. मी पूर्वाला सोडायला गेलो होतो. त्यांनी तिला बघितलं आणि त्यांच्या सरळ हिंदीत विचारलं, ही मुलगी आली का नाही. मी म्हटलं, दोनच कीपर न्यायच्या होत्या ना. ते म्हणाले, कोणी सांगितलं? तिघींची जागा होती. ज्या दोन-तीन मुलींना बोलावलं होतं, त्यातली एक आजारी पडली, एकीला अजून धड उभं राहता येत नव्हतं. तुमच्या मुलीचं नाव पहिल्या दिवशी हजेरीत पुकारलं. कोणी उत्तर दिलं नाही, पुढे गेलो. मग दोघींनाच घेऊन गेलो. तिथे एकीचा गुडघा गेला आणि उरलेलीने सगळे सामने एकटीने काढले, शेवटी शेवटी तिला उभं राहवत नव्हतं. ही असती तर खेळली असती.

पूर्वा बाजूला उभी राहून ऐकत होती. स्केट काढले, पिशवीत भरले आणि बाहेर जाऊन उभी राहिली. रिक्षात मी विचारलं, “पुढच्या वर्षी?” ती म्हणाली, “मला कोणी नाकारलंसुद्धा नाही रे पप्पा. मी गेलेच नाही.”

मी मात्र गप्प बसणारा नाही. माल खराब निघाला की तो कुठून आला, हे मी शोधतो. बोरिवलीला परबांकडे गेलो. त्यांचा धाकटाही खेळायचा आणि दोन वर्षांपूर्वी दिघेने त्याला ‘यंदा नाही’ सांगितलं होतं. मी विचारलं, “धाकटो शिबिराक गेल्लो?”

परब म्हणाले, “नाय रे. सरांनी आधीच सांगितल्यानी ना, मग कित्याक उगाच?”

घाटकोपरच्या शाहबेनना विचारलं. त्यांची मुलगी आघाडीला खेळायची. “वो बोले थे नहीं होगा, तो मैं क्यूँ भेजती?” अंधेरीच्या एका बापाने तर मलाच समजावलं की सरांमुळे त्याचा खर्च वाचला. जेवढ्यांना विचारलं तेवढ्यांचं उत्तर एकच. दिघेने ज्याला ‘नाही’ म्हटलं, तो गेलाच नाही. जो गेलाच नाही, तो संघात येणार कसा? आणि ‘हो’ कोणाला म्हणायचा? जे आधीच संघात होते त्यांना. जुन्यांना हो, नव्यांना नाही. हे त्याचं गणित. एवढी वर्षं तो बरोबर ठरत होता, कारण त्याला चूक ठरवू शकणारी मुलं तो आधीच घरी बसवत होता.

यात त्याला काय मिळालं, असं सुनंदा विचारते. तिला वाटतं, कोणाकडून तरी त्याने काहीतरी घेतलं असणार. मला तसं वाटत नाही. घेतलं असतं तर मी त्याला थोडा तरी मान दिला असता. एखाद्या मुलीचं आयुष्य मोडायचं तर माणूस काहीतरी किंमत मागतो. याने दोन बोटं वर करता यावीत म्हणून ते केलं.

पूर्वा आता पवईला एका कंपनीत नोकरी करते. बरी नोकरी आहे. पॅड तिने इंटरनेटवर विकायला टाकले आणि पहिल्या माणसाने जो भाव सांगितला, त्याला देऊन टाकले. माझ्या मुलीने. मी घरी आलो तेव्हा पॅड गेलेले होते.

या डिसेंबरात मी मैदानावर गेलो. खुर्ची मांडलेली होती, हा बसलेला होता, भोवती नवे आई-बाप. मी गर्दीतून सरळ पुढे गेलो.

“दिघे, स्टॅन्झिन सर आले होते उन्हाळ्यात.”

“कळलं. चांगला माणूस.”

“तिसऱ्या कीपरची जागा रिकामी होती.”

“मग मी काय म्हटलं होतं?” त्याच्या चेहऱ्यावर खरोखर प्रश्न होता. “दोनच जाणार म्हटलं होतं. किती गेल्या?”

“तिसरी तुमचं ऐकून घरी बसली म्हणून दोन गेल्या.”

“सावंत, मी अंदाज सांगतो. हवामान खातं पावसाचा अंदाज सांगतं, पाऊस पाडत नाही.”

“हवामान खात्याचं ऐकून ढग घरी बसत नाहीत.”

कोणीतरी हसलं. मला वाटलं, आता लोकांना कळेल. पण एक बाई पुढे आली, हातात मुलाचे स्केट. म्हणाली, “काका, तुमचं झालं असेल तर जरा बाजूला व्हाल? आमचा नंबर आहे.” मागून कोणी म्हणालं, “यांची मुलगी सिलेक्ट नाही झाली वाटतं.” संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला चहाकडे वळवायला लागला. मी त्याचा हात झटकला. तोवर लोकांनी खुर्चीभोवती पुन्हा कडं केलं होतं. खांद्यांच्या फटीतून मला दिघे शेवटचा दिसला तो असा: डोळे मिटलेले, तळहात वर, आणि समोर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी श्वास रोखून उभी. तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. तिने मान खाली घातलेली तेवढी दिसली.

मी हे लिहितोय ते रडगाणं म्हणून नाही. संघटनेच्या लोकांना मी विचारतो: ती खुर्ची तिथे कोण ठेवतं, कोणाच्या परवानगीने, आणि तुमच्या शिबिरांना मुलं येत नाहीत याचा हिशेब तुम्ही कधी मागितलात? आणि श्रीकांत दिघे, तुम्हाला वेगळं विचारतो. तुम्ही माझ्या घरी या. पूर्वासमोर बसा. सुनंदा चहा देईल. आणि पूर्वाने गोलात उभं राहून अडवलेला एक फटका सांगा. कुठल्या मैदानावर, कोणी मारलेला, तिने डाव्या हाताने अडवला की उजव्या पायाने. एवढी वर्षं तुमच्या पाठीमागे ती खेळत होती. एकच फटका सांगा. तोवर मी तुमच्या खुर्चीसमोर दर संध्याकाळी येऊन हेच विचारणार आहे, आणि मला बाजूला व्हायला सांगणाऱ्याने आधी त्याचं उत्तर द्यावं.